पिवळं तेवढंच

भुकूमला भाड्यानं राहायला आले तेव्हा घरमालकिणीला मी एवढंच सांगितलं होतं, की मी प्रयोगशाळेत काम करते. गावात प्रयोगशाळा म्हणजे लॅब, आणि लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची जागा. आठवड्याभरात लोक रिपोर्ट घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहायला लागले. साखर वाढलीय का, थायरॉइड किती, हा आकडा ठळक का छापलाय. मी आधी चिडले. माझी लॅब ती नव्हे, असं दोघा-तिघांना फटकारलंही. मग आपण शिष्ट वाटू नये म्हणून रिपोर्ट वाचून दाखवायला लागले. माझं नेहमी असंच होतं, आधी फणकारा आणि मागाहून मोठेपणा. फणकाऱ्यानं फार तर माणूस चार दिवस बोलत नाही. मोठेपणानं काय होतं ते मला त्या घरात कळलं.

माझं खरं काम सांगते. जिवंत पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. आत काय यायचं आणि बाहेर काय जायचं ते तो ठरवतो. तसा पडदा आम्ही काचेच्या चंबूत तयार करतो. स्निग्ध पदार्थ द्रावकात विरघळवायचा, चंबू गोल फिरवत ते द्रावक उडवून लावायचं, काचेला आतून पातळ साय धरली की पाणी घालायचं आणि वाट बघायची. ती साय आपली आपण सुटते, दोन पदरांची होते आणि तिचे गोल फुगे वळतात. त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला रडू आलं होतं. मी परभणीकडची, बीएस्सी करून पुण्यात आलेली, आणि माझ्या हातून हे होतंय याचंच मला अप्रूप वाटलं. आता मी तेच रोज करते आणि चंबू फिरत असताना शेजारच्या खोलीत जाऊन डबा खाते.

घर रस्त्यापासून थोडं आत होतं. खाली घरमालक, त्यांची बायको आणि मुलगी. वर भाड्याच्या खोल्या, त्यातल्या दोन माझ्या, बाकीच्यांत आयटीतली पोरं. मालकांचा दिवस उरलेल्या जमिनीत आणि विकलेल्या जमिनीवरच्या बांधकामांकडे बघण्यात जायचा. घर चालवायच्या त्या काकूच. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "अंडं-मटण वर चालायचं न्हाई बरं का, मॅडम. माळ हाय माझ्या गळ्यात." माळ म्हणजे तुळशीची, लग्नाआधी गावच्या महाराजांकडून घेतलेली. मालक स्वतः बाहेर जाऊन सगळं खाऊन यायचे आणि घरात शिरताना बडीशेप चघळत यायचे, हे सगळ्या आळीला माहीत होतं. मीही सूसच्या रस्त्यावरच्या गाडीवर ऑम्लेट खाऊन, तोंड पुसून घरी यायचे. काकूंना दोघांचंही कळत असणार. पण उंबऱ्याच्या आत अंडं आलं नव्हतं, आणि त्यांच्या लेखी तेवढं पुरेसं होतं.

मुलगी तेव्हा चोवीस वर्षांची. बीकॉम झालेली, कोळवणच्या बाजूला एका रिसॉर्टच्या ऑफिसात कामाला. स्कूटरवरून जायची-यायची, गॉगल लावून, आणि आईनं हाक मारली की "आले गं" म्हणून निघून जायची. तिला आधी जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. मग ती टाचा न टेकता चालायला लागली. मग एक दिवस गाडी स्टँडवर लावताना गाडीसकट पडली आणि तिला स्वतःहून उठता येईना. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे वाढलेले. तेव्हा कावीळ ठरली. कुठून कुठून मुळ्या आणल्या, पथ्यं झाली, तेल-तूप बंद झालं, आणि पोरगी अर्धी झाली. डोळे मात्र कधी पिवळे झालेच नाहीत.

तो रिपोर्ट माझ्याकडे आला तो असाच, जिन्यात. मी डॉक्टर नाही. पण ते आकडे नुसत्या यकृताचे नसतात, स्नायू झिजले तरी वाढतात, एवढं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, कावीळ सोडा आणि मोठ्या दवाखान्यात मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दाखवलं. पुढच्या तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव निघालं. जन्मतःच्या एका दोषातून आलेला, उपाय नसलेला, हळूहळू वाढत जाणारा. डॉक्टरांनी व्यायाम जपून करा म्हणून सांगितलं आणि पुढे केव्हातरी चाकांची खुर्ची लागेल त्याची तयारी ठेवा म्हणाले. काकूंना त्यातलं काहीच पटलं नाही. त्यांना एवढंच कळलं, की गावात सगळे कावीळ म्हणत होते आणि एकटी वरची मॅडम बरोबर निघाली.

त्या संध्याकाळी त्या फाइल घेऊन वर आल्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसल्या. "डॉक्टर इंग्रजीत बोलतुया. तुमी सांगा नीट. पोरीच्या पायात झालंय काय?"

मी सांगितलं, आणि मला वाटतं चांगलं सांगितलं. स्नायूच्या पेशीला पडदा असतो. चालताना, चढताना तो थोडा थोडा फाटतच असतो, तुमचा, माझा, सगळ्यांचा. आपल्या शरीरात तो लगेच सांधणारं काहीतरी असतं. ते हिच्यात नाही. म्हणून फाटलेलं तसंच राहतं आणि ती पेशी मरते.

काकूंनी फाइल उघडली आणि पुन्हा मिटली. त्यांचा चेहरा मला बघवेना. आणि मग मी ते बोलले. कशासाठी बोलले ते आजही नक्की सांगता येत नाही. धीर द्यावा म्हणून असेल, किंवा आपल्या कामाचं कुणी विचारत नाही आणि आज विचारतंय म्हणूनही असेल. मी म्हटलं, "असाच पडदा आम्ही रोज बनवतो, काकू. माझं कामच ते आहे."

"पडदा बनिवता? कशाचा?"

"स्निग्ध पदार्थाचा. अंड्याच्या बलकातून काढतात तो."

"अंड्याच्या?"

"हो. आतलं पिवळं असतं ना, त्यातून."

त्या उठल्या, फाइल काखेत मारली आणि खाली गेल्या. मला वाटलं विषय संपला. पुढचं वाक्य, की हा पडदा चंबूत राहतो, माणसात घालता येत नाही, ते माझ्या मनात होतं. ते मी बोलले नाही. विचारलं नाही म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं.

नंतरचे दोन-अडीच महिने माझे आमच्या संशोधन संस्थेत गेले. सकाळी सूसमार्गे गाड्यांच्या रांगेतून जायचं, अंधार पडताना परत यायचं. कढीलिंबाच्या बुंध्याशी अंड्याची टरफलं पडलेली एकदा दिसली. मी समजले, वरच्या आयटीतल्या पोरांनी नियम मोडला, आणि गालातल्या गालात हसलेसुद्धा.

मग एका रविवारी काकूंनी चहाला बोलावलं. मी स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि तिथंच थबकले. ओट्यावर वाटीत चार अंडी होती. काकू एकेक फोडून पांढरं बोटांतून गाळून खाली सोडत होत्या आणि पिवळं तळहातावर झेलत होत्या. हात सराईत झाला होता. पिवळं गरम दुधात घालून, गूळ टाकून त्यांनी पेला मुलीच्या हातात दिला. पांढरं कुत्र्याच्या ताटलीत गेलं.

"पिवळं तेवढंच देते," त्या मला म्हणाल्या. "तुमी म्हणला व्हता तसंच. गावरान हायेत, गावठाणातनं आणते. रोज चार."

त्यांचा गळा मोकळा होता. मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"माळ देव्हाऱ्यात ठिवली. माळ घालून अंडं कसं फोडायचं? देवाला सांगितलं, पोरगी चालाया लागली की घालीन परत."

तीस वर्षांची माळ. आणि मी चहा घेतला. त्या वेळी बोलायला हवं होतं हे कळायला अक्कल लागत नाही, आणि तरी मी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि अंड्यांचा भाव चढलाय म्हणाले. मुलगी श्वास रोखून पेला संपवत होती आणि पेल्याच्या काठावरून माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळानं काकू परसात गेल्या तेव्हा तिनं मला खुणेनं जवळ बसवलं. "ताई, मला माहितीये," ती म्हणाली. "फोनवर सगळं वाचलंय मी. पोटात गेलं की ते नुसतं पचतं. पायात काय जात नाही."

"मग तू पितेस कशाला?"

"आई पहाटे उठून अंडी आणायला जाते. परत येते, दूध तापवते. तेवढा वेळ तिला काहीतरी करायला असतं. त्याच्या आधी ती नुसती माझ्या पायांकडं बघत बसायची, ताई. दिवसभर. आम्ही बोलायचोच नाही. आता निदान पेला देताना बोलते." मग ती म्हणाली, "तुम्ही तिला सांगू नका. मी सांगेन, सांगायचं तेव्हा."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले. मला सुटल्यासारखंच वाटलं, कारण माझं गप्प बसणं आता दुसऱ्याच्या विनंतीवरून होतं.

वर्षातून एकदा आमची संस्था लोकांसाठी खुली असते. शाळेच्या सहली येतात, आम्ही टेबलं मांडतो आणि दिवसभर तेच तेच सांगतो. त्या वर्षी काकू माझ्या मागे लागल्या. "तुमचा पडदा दावा मला. बगू तरी कसा असतो." नाही म्हणायला कारण सापडेना. शिवाय मनात आलं, की डोळ्यांनी बघितलं तर त्यांचं त्यांनाच उमगेल आणि मला काही बोलावं लागणार नाही.

त्या ठेवणीतलं नऊवारी नेसून आल्या. आमच्या टेबलावर एक संशोधक मुलगी होती, हुशार आणि उत्साही. तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. काकू एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या. काळ्या पाण्यात रंगानं चमकणारी वर्तुळं.

"ह्यात जीव हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, अजून नाही," ती मुलगी म्हणाली. तिनं छान समजावलं. पडदा आपण बनवू शकतो. त्यात औषध भरून शरीरात पाठवता येतं, कोरोनाच्या काही लशीसुद्धा अशाच स्निग्ध वेष्टनात घालून दिल्या होत्या. पण खऱ्या पडद्यात हजार प्रकारची दारं असतात, पहारेकरी असतात, आत चूल पेटलेली असते. ते सगळं एकत्र आणणं अजून कुणाला जमलेलं नाही.

"म्हंजी नुसतं कंपाउंड," काकू म्हणाल्या. "घर न्हाई आत."

ती संशोधक मुलगी खूश झाली. मीही झाले. आमच्या घरामागच्या डोंगरउतारावर तसे कितीतरी प्लॉट पडलेत, भिंत, लोखंडी गेट, वर बिल्डरची पाटी, आत गवत. काकूंना बरोबर कळलं होतं. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

पण त्या मुलीला अजून एक गंमत दाखवायची होती. तिनं संगणकाच्या पडद्यावर एक फुगा मोठा करून दाखवला आणि विजेचा बारीक झटका दिला. फुग्याला भोक पडलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ते भोक बुजलं आणि फुगा पुन्हा गोल झाला. "बघितलंत? आपोआप सांधला गेला!"

काकूंनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की नंतर तिथं वळ उठला होता. "बुजलं, मॅडम. माझ्या डोळ्यांनी बघितलं. फाटलं आन् बुजलं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्या पदराआडून हळूच म्हणाल्या, "ह्यातलं थोडं द्या मला. घरच्या अंड्यात जोर कमी असंल. बाटलीत घालून द्या, मी कुणाला न्हाई सांगायची."

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. आता मला त्यांची नाही, माझीच चीड आली होती, आणि चीड आली की मी खरं बोलते. मी सगळं सांगितलं. नुसता फुगा पाण्यात मोकळा असतो, त्याच्यावर ओढ नसते, म्हणून त्याचं भोक बुजतं. पायातली पेशी ताणलेली असते, तिला सांधणारा लागतो, आणि तो हिच्यात नाही. हे फुगे दोन-चार दिवसांत फुटतात. अंडं पोटात गेलं की पचून जातं. पिवळं काय आणि पांढरं काय. त्यानं पाय सुधारत नाही, सुधारणार नाही.

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. समोरून शाळेची मुलं रांगेनं जात होती, ती जाऊ दिली आणि मग म्हणाल्या, "मग त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं.

"तुमी खोटं बोलला न्हाई, ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पर निम्मंच बोलला."

परत येताना मी गाडी चालवत होते आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.  मुलीला दिलेला शब्द मी मोडलाय हे मला सूस मागे पडल्यावर आठवलं, तोवर आठवलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळ करून महाराजांकडे गेल्या. चूक झाली म्हणून पाया पडल्या आणि माळ परत घालून आल्या. आल्यावर त्यांनी ओटा शेणानं सारवता येत नाही म्हणून गोमूत्र शिंपडून पुसला. अंड्यांची वाटी परसात उलथी पडली होती. त्या दिवसापासून पेला बंद झाला.

मला वाटलं होतं, त्या रडतील, मला शिव्या देतील, मग हळूहळू सावरतील. तसं झालं नाही. त्यांना पहाटे उठायचं कारण उरलं नाही, तरी जाग यायचीच. त्या उठायच्या आणि मुलीच्या पलंगासमोर भिंतीला टेकून बसायच्या. मी कामाला निघताना खिडकीतून दिसायच्या, पाय पसरून, नजर मुलीच्या पायांवर. संध्याकाळी आले तरी बहुधा तिथंच. आता मुलीला उठवून बसवावं लागत होतं. दोघींचं बोलणं ऐकू यायचं ते एवढंच: उठू का, थांब, धर.

मला ते सोसवेना. एका सकाळी मी त्यांना अंगणात गाठलं. "काकू, तिला दूध देत जा ना पहिल्यासारखं."

"कशाला? गुण न्हाई म्हणला ना तुमी."

"गुण नाही. पण देत जा. तिला बरं वाटायचं."

त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "गुणासाठी काढली व्हती मी, मॅडम. देवाला तसं सांगून काढली व्हती. लाड कराया कशी काढू?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या मला समजावून सांगत होत्या, लहान पोराला सांगावं तसं.

त्यानंतरच्या एका दुपारी दोघं नवरा-बायको तलाठ्याकडे गेली होती. मी सुट्टीवर होते. सकाळीच जाऊन मी गावठाणातून अंडी आणली होती, पिशवीत लपवून. नियम मोडतेय हे माहीत होतं. पण आपण जे बिघडवलं ते आपणच थोडं नीट करावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. पांढरं गाळलं, पिवळं गरम दुधात घातलं, गूळ टाकला, वर ताटली झाकून खाली घेऊन गेले.

ती खिडकीशी खुर्चीत होती. मी पेला पुढे केला. तिनं ताटली उचलून वास घेतला आणि पेला परत माझ्या हातात दिला.

"तुम्ही सांगितलंत ना तिला," ती म्हणाली.

"सांगावं लागलं."

"हं." ती बाहेर बघत राहिली. मी तसाच पेला धरून उभी.

"पी ना," मी म्हटलं. "आईसारखाच केलाय."

"मला अंडं आवडत नाही, ताई," ती म्हणाली. "कधीच आवडलं नव्हतं."

मी भरलेला पेला घेऊन जिना चढले.